सगळ्या होड्यांची एकच चावी

मी चावी बोलतेय. कमरेला खोचायची, गंज धरणारी नव्हे. मी नुसती अक्षरं आणि आकडे यांची एक ओळ आहे, आणि त्या ओळीला काही अर्थ नाही. मला वाचता येत नाही. मी जे उघडते तेही मला वाचता येत नाही. उघडायचं आणि बंद करायचं, एवढंच काम. बाकी कुणी काही शिकवलं नाही.

माझा जन्म रत्नागिरीत, मारुती मंदिराच्या पुढे, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. सुहास नावाचा मुलगा तिथे मच्छीमारांसाठी मोबाइलचं अ‍ॅप लिहीत होता. समुद्रात मासळी जिथे हमखास लागते, खडकाला जाळं जिथे फाटतं, त्या जागांना होडीवाले पॉइंट म्हणतात. होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस, आपले पॉइंट सख्ख्या भावालासुद्धा सांगत नाही. ते अ‍ॅपमध्ये कुलूपबंद राहायचे होते. कुलूप आलं म्हणजे चावी आली.

सुहासला घाई होती. दुपारी होडीमालकांच्या सोसायटीची माणसं अ‍ॅप बघायला येणार होती. त्याने कॉम्प्युटरकडून मला बनवून घेतलं आणि तिथेच, प्रोग्रामच्या मधोमध, लिहून टाकलं. माझ्या डोक्यावर शेरा मारला: 'तात्पुरती. नंतर बदलणे.' आणि खाली चहा प्यायला गेला.

ते 'नंतर' काही आलं नाही. माणसं 'नंतर' म्हणतात ना, तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत असतं. मी बघितलंय.

अ‍ॅप चालू झालं. बुरोंडी, दाभोळ करत होड्या वाढत गेल्या. प्रत्येक तांडेलाला वाटे, आपलं कुलूप आपलं. पण सगळ्या कुलपांना चालणारी चावी मी एकटी, आणि मी अशी उघड्यावर पडलेली. त्या खोल्यांत कामाला येणाऱ्या कुणालाही मी दिसायचे. मला कुणी उचललं नसेल, असं मी म्हणत नाही. उचललं असेल, असंही म्हणत नाही. हात कुणाचा आहे, ते चावीला कळत नाही.

पुढे सुहास पुण्याला नोकरीला गेला. जाताना त्याने टेबल पुसलं, खिडकीतली कुंडी शेजारच्यांना दिली. मी राहिले. मला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच्या जागी दीक्षा आली. राजापूरकडची, कमी बोलणारी. नवीन काही करायच्या आधी ती जुनं सगळं सावकाश वाचत बसायची. वाचता वाचता माझ्यापाशी आली आणि थांबली.

"तेजल, इकडे ये," ती शेजारच्या मुलीला म्हणाली. "आपण सगळ्या होड्यांना कुलूप लावलंय आणि चावी दारालाच टांगलीय."

तेजलने वाकून बघितलं आणि ती हसत सुटली. "सुहासदादा आमचा! स्वतःच्या घराला तरी कुलूप लावतो की नाही, कोण जाणे."

दीक्षा हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने अ‍ॅपचं घर आतून बदलायला घेतलं. बाहेरून भिंत तीच, दार तेच. होडीवाल्यांना वापरताना अडू नये असं. माझा उल्लेख चार ठिकाणी पसरला होता, तो तिने गोळा केला. आता प्रत्येक होडीला वेगळी चावी मिळणार होती. मालकाने आपल्या मनातले शब्द आपल्या फोनवर टाकायचे, त्यातून चावी तयार होणार, आणि ती ऑफिसात कधीच येणार नाही. त्यासाठी मालकाने आपले पॉइंट एकदा उघडून नव्या कुलपात हलवायचे. मग त्या होडीपुरतं माझं काम संपलं.

सोसायटीत जाऊन तिने हे सगळं सरळ सांगितलं. खूप आरडाओरडा झाला. तो थांबल्यावर ती म्हणाली, "जुन्या चावीने मी कुणाचंही उघडणार नाही. मालक स्वतः समोर बसून सांगेल, तरच. आणि नारळी पौर्णिमेच्या आत ती चावी रद्द."

एकेक होडी माझ्याकडून गेली. शेवटी एक उरली, दाभोळच्या इद्रीस तांडेलाची. त्याचा फोन खाडीत पडला होता आणि अ‍ॅप त्या फोनलाच ओळखायचं. साखरेने त्याचे डोळेही गेले होते. आता होडी त्याचा मुलगा अक्रम नेणार होता, आणि अक्रमची उमेदीची सगळी वर्षं दुबईत गेलेली. समुद्रातलं एक ठिकाण त्याला ठाऊक नव्हतं. किनाऱ्यावरच्या खुणा धरून बापाने दाखवावं, तर बापाला किनारा दिसत नव्हता. जे होतं ते माझ्या कुलपात होतं.

अक्रम ऑफिसात आला. "मॅडम, उघडून द्या. मी त्यांचा मुलगा हाय, चोर नाय."

"मालक तुम्ही नाही. चाचांना आणा."

"ते नाय यायचे. तुमचं नाव काढलं तरी भडकतात."

"मग मी येते," दीक्षा म्हणाली.

तिने मला लॅपटॉपमध्ये घेतलं. एसटी, मग फेरीबोटीतून खाडी. ज्या समुद्राच्या जागा मी इतकी वर्षं सांभाळल्या, त्याच्या इतक्या जवळून गेले. पिशवी बंद होती.

इद्रीस पडवीत खुर्चीवर बसला होता, अक्रम शेजारी.

"आली काय गो चावीवाली?"

"आले, चाचा."

"इतकी वरसं माझे पॉइंट तुमच्या खिशात. आणि मी हितं ते सांगायला नकोत म्हणून सख्ख्या भावाशी अबोला धरून बसलो."

"हो."

"हो काय हो! कायतरी कारण तरी सांग."

"कारण नाही, चाचा."

आतून त्याची बायको रझिया पाण्याचा तांब्या घेऊन आली. "पोरीला आधी पाणी पिऊ द्या. तुमचे मासे काय पळून जातायत?"

"मासे पळतातच!" इद्रीस म्हणाला. मग हळू आवाजात विचारलं, "कुणी उघडून बगितलंन होतं काय?"

"माहीत नाही. कळायची सोयच नव्हती. आता केलीय."

दीक्षाने घाई केली नाही. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तर आत्ता उघडते. नाही म्हणालात तर चावी आजच रद्द करते. मग ते पॉइंट मलासुद्धा काढता येणार नाहीत."

"माझ्या बापानं मला होडीत पुढं बसवून दाखवलेन," इद्रीस म्हणाला. "याला मी तसं दाखवायचं होतं. हा दुबईला."

"तुम्हीच पाठवलंत, अब्बा."

"मीच पाठवलं." त्याने गुडघे चोळले. "उघड, बाय."

दीक्षाने मला लावलं. मी उघडलं. पडद्यावर काही उमटायच्या आत तिने लॅपटॉप अक्रमकडे फिरवला, उठली, आणि पायरीवर जाऊन पाठ करून उभी राहिली.

"सतरा अंश..." अक्रमने सुरुवात केली.

"मोठ्यानं वाचू नको, मेल्या!" इद्रीस ओरडला. मग बायकोला म्हणाला, "ती कुठं बगतेय?"

"फणसाकडे," रझिया म्हणाली. "पाठ करून उभी हाय."

इद्रीसने मान हलवली. उघडायचं पण वाचायचं नाही, हे काम मी जन्मभर केलं. माणसाला करताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. मला वेगळं करता येत नाही. तिला आलं असतं.

अक्रमने नवा फोन पुढे केला. नवे शब्द इद्रीसने त्याच्या कानात सांगितले.

"मला नाय सांगायचे?" रझिया म्हणाली.

"तुला सांगितलं तर सांजपर्यंत बुरोंडीत पोचतील."

पॉइंट नव्या कुलपात गेले. दीक्षाने त्याच पडवीत बसून मला रद्द केलं. दुखलं नाही.

होडी नारळी पौर्णिमेनंतर गेली असेल. अक्रमला मासळी लागली की नाही, मला ठाऊक नाही. तिकडे आता मला वाट नाही.

मी पुसली गेले नाही. प्रोग्रामच्या जुन्या प्रती ऑफिसात जपून ठेवतात. त्यांत मी अजून पडून आहे, पहिल्या दिवशी होते तशी. शोधलं तर कुणालाही सापडेन. माझ्याने उघडेल असं कुलूप मात्र कुठेच राहिलं नाही. सापडलेच तर कुठे लावून बघू नका, उगाच वेळ जाईल. आणि तुमच्याकडे कुणी चावीवर 'नंतर बदलणे' लिहून उठत असेल, तर त्याला लगेच चहाला जाऊ देऊ नका. जरा बसवा.

माझ्या डोक्यावरचा शेरा अजून तसाच आहे. तात्पुरती. नंतर बदलणे.

बदलली.