गेरूची खूण

पटक्यात खोचलेली तंबाखूची डबी त्रिंबकने काढली, उघडून आत बघितलं आणि पुन्हा बंद करून मुठीत धरली. डॉक्टर तनुजांनी पुढे केलेला हात तसाच राहिला.

"ठोकळा द्या, बाबा. त्याशिवाय पुढचं तपासता येणार नाही."

"म्हाईत हाय."

डबीत तंबाखू नव्हती. त्याच्या बायकोच्या, सखूबाईच्या मानेतून काढलेल्या गाठीचा तुकडा होता, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला. पाच महिन्यांपूर्वी मुकुंदवाडीच्या याच लॅबने तो तपासून लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, सांगितला आणि रिवाजाप्रमाणे घरच्यांच्या हवाली केला. गावी, देवगाव रंगारीला नेल्यावर त्रिंबकने आधी त्याच्या प्लॅस्टिकच्या कडेवर गेरूचा फराटा ओढला. मेंढरांच्या पाठीवर ओढतो, तसाच. शहरात कोण कुणाचं कोकरू बदलेल, काय नेम!

"चार डोस झाले. बाईचे केस गेले, तोंडाची चव गेली. गाठ हाय तिथंच. आन् आता म्हणता, दुसरंच काय तरी असंल."

"क्वचितच सापडते अशी गाठ. रक्तातल्याच पेशींची, पण जात वेगळी. दिसायला हुबेहूब लिम्फोमासारखी. औषध मात्र वेगळं लागतं."

"कळपात शेळी शिरली तर लांबून मेंढरूच दिसती. पर धनगराला जवळून कळाय पायजे का नाय?"

सकाळपासून तनुजा त्या गाठीची जुनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बसल्या होत्या. आणखी तीन चाचण्या केल्या असत्या तर तेव्हाच शंका आली असती. नव्हत्या केल्या. लिम्फोमासारखं दिसलं, लिम्फोमा लिहिलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

"सोमवारी पाचवा डोस हाय. द्यायचा का नाय?"

"तेच कळायला ठोकळा हवाय."

"मग आधी मला पहिला डाक्टर दावा. रिपोर्टाचा कागद आमच्या पोरानं, रामहरीनं नेला व्हता. मला वाचाय येत नाय. कोण गडी व्हता त्यो?"

कागद टेबलावरच होता. नाव न सांगता वेळ मारून नेणं सोपं होतं. तनुजांनी खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"गडी नव्हता, बाबा. ही सही माझी आहे."

त्रिंबकने डबी पुन्हा पटक्यात खोचली आणि तो दाराबाहेर पडला. जिन्यावर वहाणा वाजल्या. दोन पायऱ्या, तीन, मग थांबल्या. तनुजा कोणत्या तोंडाने हाक मारणार?

बऱ्याच वेळाने तो परत आला. ठोकळा काढून त्याने टेबलावर ठेवला, फराटा वर येईल असा.

"खूण पुसू नका. आन् ह्या बारीला एकटीनं बघू नका."

तो बाकावर बसला. तनुजांनी फोन उचलून आपल्या जुन्या सरांना लावला.

"सर, माझ्या हातून बहुतेक चूक झालीय. आजच येऊन बघाल का?"