पलीकडचा फळा

“मॅडम, समजलं नाई,” पल्लवी तिसऱ्यांदा म्हणाली, आणि पलीकडून पुन्हा नुसता खडूचाच आवाज आला.

मी पायडलवरचा पाय काढला. ब्लाउजची बाही सुईखाली तशीच राहिली. शेलूबाजारला हायवेला लागून टिनाच्या गाळ्यांची जी ओळ आहे, तिच्यातल्या एका गाळ्याचे मधे प्लायवूड ठोकून दोन केलेत. अलीकडे मी, इस्माईल टेलर. पलीकडे नीलिमा मॅडम, नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान. अठरा वर्षं झाली या शेजाराला. तिकडं कुणी शिंकलं तरी मला कळतं.

तर मॅडमचा आवाज गेला होता. दिवाळीपासून घसा बसलेला, मध आणि हळद झाली, काढे झाले. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरनं नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्यात, दीड महिना तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर ऑपरेशन, आणि ऑपरेशन झाल्यावर आवाज पहिल्यासारखा येईल याची हमी नाही. बाई शब्दाची पक्की. त्याच आठवड्यात त्यांची आई, भागिरथाबाई, अंगणात पाय घसरून पडली, तर मॅडमनी हाकसुद्धा मारली नाही, टाळ्या वाजवून शेजारी गोळा केले.

पण दहावीची परीक्षा महिन्यावर आलेली आणि समोर चौदा पोरं बसलेली. त्यात हायवेपलीकडं मोठ्या पडद्याचा नवा क्लास निघालेला. पल्लवीचे वडील रामकिसन आदल्याच दिवशी येऊन सांगून गेले होते की शनिवारपर्यंत पाहतो, नाहीतर पोरीला तिकडं घालतो. एक गेली की बाकीची जाणार आणि क्लास बंद पडणार, हे मॅडमना कळत होतं, मलाही कळत होतं. म्हणून त्या बिचाऱ्या फळ्यावर लिहीत सुटल्या होत्या. पोरं उतरवून घेत होती आणि कुणाच्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

मला राहवलं नाही. माझा स्वभावच तसा, गप्प बसणं अंगात नाही.

“पल्लवी, पेन ठेव खाली,” मी इकडून म्हणालो. “डोये मिट. समज, तू एक चेंडू सरळ वर फेकला. सुटला तेव्हा जोरात हाय. मंग?”

पलीकडं कुणीतरी फिसकन हसलं. मग पल्लवी म्हणाली, “मंग हळू होते, काका.”

“काहून?”

“पृथ्वी वढते.”

“किती? दर सेकंदाले नऊ पूर्णांक आठनं वेग कमी होते. आता मॅडमनं काय लिवलं ते वाच.”

तिनं वाचलं. मधेच थांबली आणि “अच्छा” म्हणाली. ते अच्छा ऐकून मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. एवढा आनंद मला माझ्या निकाहाच्या दिवशीही झाला नव्हता, आणि हे कुलसुमला कळलं तर माझी खैर नाही.

थोड्या वेळानं पल्लवी चिठ्ठी घेऊन माझ्या दुकानात आली. मॅडमचं ते छापल्यासारखं अक्षर. ‘चालू ठेवा, भाऊ. मी लिहिते, तुम्ही सांगा. चुकलं तर प्लायवूड दोनदा वाजवीन.’

आता मला हे कसं येतं, तर सांगतो. शाळा मी पाचवीत सोडली. अब्बांनी मशीनवर बसवलं आणि विषय संपला. पण गेली अठरा वर्षं रोज दुपारी चार ते सात, माझे पाय पायडलवर आणि कान पलीकडं. मॅडम शिकवतात त्या ठरल्या क्रमानं, ठरल्या शब्दांत. त्या ‘समजा’ म्हणाल्या की माझं दुकान जायचं. गिऱ्हाईक, टेप, लटकलेले युनिफॉर्म, सगळं जायचं. समजा एक शिडी भिंतीला टेकवली आहे आणि तिनं जमिनीशी साठ अंशांचा कोन केला आहे. मला ती शिडी दिसायची, चुन्याची भिंत दिसायची, भिंतीवरचं ऊन दिसायचं. इतक्या शिड्या टेकवतात आणि चढत कुणीच नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. समजा दीपगृहावर उभा असलेला एक माणूस समुद्रात जहाज पाहतो आहे. समुद्र मी जन्मात पाहिला नाही. माझं दीपगृह हायवेवर, पेट्रोलपंपाच्या अलीकडं उभं राहायचं, मंगरूळपीरकडं जाणारा रस्ता निळा होऊन हलायला लागायचा आणि त्याच्यावरून ते जहाज हळूहळू यायचं. वरचा माणूस मात्र अठरा वर्षं तिथंच. त्याला कुणी जेवायला बोलावलं नाही.

फळा मात्र मी पुसलेलाच पाहिला. सकाळी दुकान उघडताना त्यांच्या दाराशी झाडू मारतो तेव्हा आत काळा चौकोन दिसायचा, बस. त्रिकोण, भिंग, किरण, सगळं मी ऐकून मनात रचलेलं.

चेंडूवर माझा सगळ्यांत जास्त जीव. वर जाता जाता हळू होतो आणि एका क्षणी थांबतो. त्या क्षणी वेग शून्य. मॅडम असं म्हणाल्या की मी दर वर्षी मशीन थांबवायचो. मला वाटायचं, वा रे चेंडू. खाली येण्याआधी तुला एक घडी अशी मिळते की तुझ्यावर कुणाचाच जोर नाही, ना फेकणाऱ्याचा, ना पृथ्वीचा. दोन पोरींची लग्नं झाली, मोठा भाऊ वारला, डोळ्याला चष्मा लागला, आणि मी या मशीनवरून उठलो नाही. तर कधीतरी आपलीही तशी एक घडी येईल, असं मनाशी धरून बसलो होतो. हसायचं तर हसा.

असा आमचा क्लास सुरू झाला. तिकडं खडू, इकडं मी. बाही शिवता शिवता पायथागोरस, काजं करता करता ओहमचा नियम. माझी गिऱ्हाइकं वैतागली. हिरीबाई परकराचं माप द्यायला आल्या आणि बहिर्वक्र भिंग ऐकून परत गेल्या. चुकायचो मी, रोज दोन-चारदा टकटक व्हायची, मी सुधारून घ्यायचो. पोरांना गंमत वाटायची, आणि गमतीत ती ऐकायची. शनिवारी रामकिसन आले ते मोटरसायकल बंद करून बाहेरच उभे राहिले. माझी समरूपता चालली होती. बराच वेळ ऐकलं, मग माझ्या दारात डोकावून म्हणाले की एक पँट अल्टर करायची आहे, उद्या आणतो. पोरीला काढायचं त्यांनी नाव काढलं नाही.

अडीच आठवडे असे गेले. मॅडमनी एक शब्द तोंडातून काढला नाही. संध्याकाळी क्लास सुटला की दारात उभ्या राहून मला मान हलवून निरोप द्यायच्या, तेवढ्यानं माझा दिवस भरून जायचा. डॉक्टरनं पुन्हा पाहिलं आणि गाठी उतरत आहेत म्हणाला.

परीक्षेआधीचा शेवटचा आठवडा, गुरुत्वाकर्षणाची उजळणी. चेंडू वर पोचला, वेग शून्य झाला. इथं पल्लवीनं विचारलं, “काका, तो वर थांबते ना, त्या टायमाले त्याच्यावर वढ किती असते?”

हा प्रश्न अठरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. म्हणजे मी ऐकला नव्हता. पण उत्तर माझ्याजवळ तयार होतं, मनात घासून घासून गुळगुळीत झालेलं.

“काईच नाई,” मी म्हणालो. “त्या घडीले त्याले कोनी वढत नाई. तो मोकया असते.”

प्लायवूड दोनदा वाजलं. पण मी थांबलो नाही, कारण मी तिथं नव्हतोच, मी त्या चेंडूबरोबर वर होतो. खालचं सगळं शेलूबाजार दिसत होतं, टिनं चमकत होती. पोरांना सांगत सुटलो की पृथ्वी त्या घडीला हात सोडते, मग तिला आठवण येते आणि ती पुन्हा धरते. पुन्हा दोनदा वाजलं, जोरात. मी म्हणालो, “लिवून घ्या पोट्टेहो, पेपरात येईन.” पोरं लिहायला लागली. त्यांची पेनं मला ऐकू येत होती.

“नाई वो भाऊ.”

जुनं कापड टर्रकन फाटावं तसा तो आवाज. मला ओळखूच आला नाही. क्लासमध्ये बाई कायम पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, आणि त्या दिवशी घरातलं बोलल्या.

“वेग थांबते. वढ नाई थांबत. वरही तेवढीच असते, नऊ पूर्णांक आठ. नसती त चेंडू खाली आलाच नसता, वरच राह्यला असता.” मग पोरांना म्हणाल्या, “खोडा ते. सगळे खोडा.” पोरं खोडत होती तोवर त्या तेच पुन्हा समजावत राहिल्या, चांगली पाच-सात मिनिटं, आणि नंतर खोकल्याची अशी उबळ आली की पल्लवी पाणी आणायला धावली.

मी शटर ओढलं आणि घरी गेलो. कुलसुम भाकरी थापत होती. मी भिंतीकडं तोंड करून बसलो आणि रडलो, साठीचा माणूस. आई पडली तेव्हा ज्या बाईनं तोंड उघडलं नाही, तिला माझ्यामुळं उघडावं लागलं. कुलसुमनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “चुकीचं लिवलेलं पोट्टे परीक्षेत घेऊन गेले असते तर तिनं जलमभर स्वतःले माफ नसतं केलं. तिनं ठरवलं आन् तिनं केलं. तुमी भाकर खा.”

मी तीन दिवस मशीन चालवलं, तोंड उघडलं नाही. पलीकडं खडू एकटाच चालत होता. तिसऱ्या दिवशी पल्लवीनं चिठ्ठी आणून दिली. ती मी अजून बॉबीनच्या डबीत ठेवली आहे. ‘भाऊ, चूक माझी आहे. थांबलेल्या चेंडूच्या खाली मी दर वर्षी फळ्यावर एक बाण काढते, खाली रोखलेला. ती ओढ. तो बाण मी काढायचे, पण तोंडानं कधी सांगितलं नाही, कारण समोरच्यांना दिसायचा. तुम्ही पलीकडं आहात हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं. भिंगं राहिली आहेत. सुरू करा.’

अठरा वर्षं एक बाण होता आणि मला माहीत नव्हता. मी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. मग घसा खाकरला आणि भिंगं सुरू केली.

परीक्षा झाली. गुरुत्वाकर्षणावर तसाच एक प्रश्न आला आणि आमच्या चौदाच्या चौदा पोरांनी ‘तेवढीच’ असं लिहिलं. पल्लवी पेपर सुटल्या सुटल्या सांगायला आली, आधी मॅडमकडं आणि मग माझ्याकडं.

गाठी मात्र पुन्हा चढल्या. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. आवाज आला, पण किती, तर एका बाकापुरता. दोन हातांवर बसलेल्याला ऐकू जाईल इतका, आणि डॉक्टरनं सांगितलं की याच्यापुढं ताणायचा नाही. मी म्हणालो, मॅडम, मी आहे ना इकडून, पहिल्यासारखंच करू. त्या हसल्या आणि त्या बारक्या आवाजात म्हणाल्या की नको भाऊ, आता मी चारच पोरं घेते, जवळ बसवून शिकवते. मला राग आला. नंतर कळलं की त्यांचं बरोबर होतं. शिकवणं त्यांचं होतं, आणि उरलेल्या आवाजात का होईना, त्यांना ते स्वतः करायचं होतं.

जुलैत चार पोरींची बॅच बसली. पल्लवीची धाकटी बहीण साक्षी त्यांच्यात होती. चार वाजले आणि मी सवयीनं मशीन हळू केलं. पलीकडून काही आलं नाही. मशीन बंद केलं, प्लायवूडला कान लावला, तरी काही नाही. पलीकडं क्लास चालू होता, पोरी मधेच हसत होत्या, पण मॅडमचा शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हता. शिडी नाही, जहाज नाही. समोर युनिफॉर्मचा ढीग आणि हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न. आठ दिवस मी असा काढला. दोन शर्टांच्या कॉलर उलट्या लावल्या. कुलसुम म्हणाली की माणूस जेवत नाही, बोलत नाही, याच्याकडं बघवत नाही.

नवव्या दिवशी चार वाजता मी कुलसुमला दुकानात बसवलं, गळ्यातला टेप खुंटीला टांगला आणि बाहेरून फेरा घालून त्यांच्या दारात गेलो. चपला काढल्या. फळा भरलेला होता. एक वर्तुळ, त्याला बाहेरून टेकलेली एक रेषा, बाजूला बारीक बारीक अक्षरं. मी मनात काढलं होतं त्यातलं काहीच तसं नव्हतं. माझं वर्तुळ विहिरीएवढं होतं आणि हे ताटलीएवढं. मॅडमनी मला पाहिलं, बोलणं थांबवलं नाही, हातातल्या खडूनं बाकाकडं खूण केली.

साक्षीनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि सरकली. मी बाकाच्या कडेवर बसलो. गुडघे पुढच्या फळीला लागत होते.

“काका, वही आनली का?” तिनं हळूच विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं आपल्या वहीतलं मधलं जोडपान पिना उकलून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.