पुलाचा बिघडलेला फोटो

तो माणूस आजही आला, आजही त्याने लोणच्याची बरणी घेतली आणि आजही त्याचा कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवरच राहिला. मलिंडा एशला संशय यायला एवढं पुष्कळ होतं. छपराच्या पुलाशी येऊन फोटो न काढणारा इंग्रज तिने आजवर पाहिला नव्हता. मलिंडा आमिश होती, अमेरिकेतल्या मोटार नि फोटो वर्ज्य मानणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंथातली; जो आमिश नाही तो त्यांच्या लेखी इंग्रजच, मग तो जपानहून आलेला का असेना.

ओढ्यावरचा तो लाल लाकडी पूल, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, वर छप्पर आणि अलीकडच्या तोंडाशी मलिंडाचं टपरीएवढं दुकान. लोणची, सफरचंदाचा आटवलेला गर, काकवीचे केक. बसल्या जागी तिने फोटोवाल्यांच्या सगळ्या जाती पाहून घेतल्या होत्या. काही जण पुलातून बग्गी बाहेर येईपर्यंत झाडाआड दबा धरून बसत. काही जण बरणीचं झाकण न्याहाळायचं सोंग करत आणि कमरेजवळून हळूच बटण दाबत. एका बाईने तर तिच्या नवऱ्याला, एलमला, बग्गी मागे नेऊन परत पुलातून आणायचे पैसे देऊ केले होते. एलम म्हणाला, घोड्याला विचारा.

हा मात्र कुठल्याच जातीत बसत नव्हता. पिकलेल्या मिश्या, इस्त्रीचा सदरा, नाव वेंडल प्रॉक्टर; तेही त्याने न विचारता सांगितलेलं. पुलाकडे पाठ करून उभा राही, बरणी हातात फिरवी आणि मलिंडाच्या तोंडाकडे बघत बसे. साठी उलटलेल्या बाईच्या तोंडाकडे! मागे एकदा त्याने विचारलं होतं, मुलं किती. ती पाच म्हणाली होती. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. सहावा, लेव्ही, माळ्यावरून गवत खाली टाकताना पाय घसरून पडून गेला होता, त्याला आता बरीच वर्षं झाली.

दुकानात हाताखाली असलेल्या नणंदेचं, बार्बराचं, मत ठरलेलं होतं.

"वहिनी, हा जमिनीचा दलाल आहे, लिहून घे. नाहीतर पेपरवाला. उद्या तुझं तोंड छापून आलं की बिशपना काय सांगशील?"

बार्बराचं बोलणं उडवून लावता येत नव्हतं. तिच्या मुलीचा चेहरा एकदा कुणाच्या तरी कॅलेंडरवर झळकला होता आणि पोरीचा काही दोष नसताना घरादाराला खाली मान घालून बसावं लागलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

पण मलिंडाच्या मनात एक गोष्ट अशी होती, जी बार्बराला काय, एलमलाही ठाऊक नव्हती. तिला लेव्हीचा चेहरा आठवेनासा झाला होता. टोपी आठवे, मनगटावरचा भाजल्याचा डाग आठवे, दारातून आत येतानाचं वाकणं आठवे. चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच येत नसे. घरात फोटो नव्हता आणि असणारही नव्हता. प्रतिमा करू नये ही आज्ञा तिला मनापासून मान्य होती. तरी जन्म दिलेल्या पोराचं तोंड आईला आठवू नये याची तिला लाज वाटायची. विचारणार तरी कुणाला? एलमने तर मातीच्या दिवसापासून पोराचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

बार्बरा जेवायला घरी गेली, तसं मलिंडाने ठरवलं की आज सोक्षमोक्ष लावायचाच.

"प्रॉक्टरसाहेब, तुमच्या घरी एवढं लोणचं खातं कोण?"

"कुणीच नाही. कपाट भरलंय."

"मग ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? काय हवंय ते बोला. जमीन आम्हाला विकायची नाही."

तो गाडीकडे गेला. आता कॅमेरा निघणार म्हणून मलिंडाने हात तोंडापुढे धरला. पण त्याने आणलं ते खाकी पाकीट, आणि ते तिच्यासमोर फळीवर ठेवून तो अडखळत बोलू लागला.

उभा जन्म त्याने छपराचे पूल हिंडण्यात घालवला होता. व्हरमाँटपासून ओहायोपर्यंत एकही सोडला नव्हता. त्याचा नेम असा की चौकटीत पूल आणि फक्त पूल. गाडी नको, बग्गी नको, माणूस तर नकोच. या पुलासाठीही तो एका शरद ऋतूत सकाळपासून ताटकळला होता. पुलाच्या तोंडावर हवं तसं ऊन पडलं आणि नेमका आतून एक पोरगा घोडागाडी हाकत बाहेर आला.

"मी त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, हो बाजूला."

"मग?"

"हसला. टोपी उचलली आणि गेला. तेवढ्यात माझ्याकडून बटण दाबलं गेलं होतं."

तो फोटो त्याने बिघडलेल्यांच्या खोक्यात टाकून दिला होता. यंदा आवराआवरीत तो हाती लागला. गावात घोड्यांच्या साजाच्या दुकानात दाखवला, तर दुकानदाराने माणसाआधी घोडा ओळखला. एलम एशचा घोडा, म्हणाला, आणि पोरगा आता नाही. तेव्हापासून हा येत होता.

"आमच्यात चालत नाही हे," मलिंडा म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर लोणचं घेत होतो."

तिचा संशय अजून फिटला नव्हता. घोडा काय, मागून नेलेला असू शकतो. लेव्हीच्या वयाची, लेव्हीसारखीच टोपी घालणारी पोरं या रस्त्यावर कमी नव्हती.

"कशावरून तो माझाच?"

"आधी घोड्यावरून, आता तुमच्यावरून," तो म्हणाला. "माफ करा, बघत राहायचो मी. कपाळ हेच. डोळ्यांच्या कडा अशाच उतरत्या. आणि हसताना ओठ आधी डावीकडे जातात. परवा तुम्ही नणंदेशी हसलात तेव्हा खात्री पटली."

मलिंडाने पाकिटावर हात ठेवला. ते चिकटवलेलं नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि प्रॉक्टर शहाण्यासारखा ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला होता. एक बोट आत घालायचा अवकाश होता. तिला पाहायचं होतं. इतकं कशाचंच तिला कधी वाटलं नव्हतं. बराच वेळ हात तसाच राहिला. मग तिने पाकीट त्याच्याकडे सरकवलं.

"घेऊन जा. पण टाकू नका."

"त्या खोक्यात नाही ठेवणार," तो म्हणाला, आणि त्या दिवशीच्या बरणीचे पैसे ठेवून गेला.

बार्बराने आल्या आल्या विचारलं, दलाल काय म्हणत होता. लोणचं आवडलं म्हणाला, असं मलिंडाने सांगितलं. बार्बराने मान डोलावली, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मलिंडाने मोरीशेजारचा आरसा खिळ्यावरून काढला. तळहाताएवढा तो आरसा एलमचा, दाढी राखून नुसती मिशी तासण्यापुरता. तिने आजवर त्यात टोपडं सरळ आहे की नाही एवढंच पाहिलं होतं. तो घेऊन ती खिडकीशी गेली आणि ओठ डावीकडे ओढून हसली. एक म्हातारी वेडावून दाखवतेय असं दिसलं. तिने परत करून पाहिलं. मग प्रॉक्टर पोरावर कसा खेकसला असेल ते तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला खरंच हसू फुटलं.

आरसा तिने घाईने पालथा घातला. त्यात लेव्ही हसला होता.

एलम कामावरून आला होता आणि दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"इकडे ये," ती म्हणाली. "उजेडात ये. आणि माझ्याकडे बघ."

ती हसली. एलम बघत राहिला. मग त्याने चाचपडत खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला.