मडीच्या साडीचं मशीन

चेन्नईत वेस्ट मांबलमच्या एका इमारतीत खाली प्रत्येकाच्या वाट्याला गाडीपुरती जागा आहे, आणि त्या जागेत ज्याची त्याची गाडी उभी आहे. गुरुमूर्तीच्या जागेत मात्र ताडपत्रीखाली जुनी वॉशिंग मशीन्स. गिंडीच्या एका कारखान्यात त्याने जन्मभर पंप जोडले आणि निवृत्त झाल्यावर हा नाद धरला. लोक मोडीत काढतात ती मशीन्स हा घरी आणतो, पूर्ण उकलतो, गंज खरवडतो, बेअरिंग बदलतो, पत्रा मूळच्या रंगात रंगवतो, आणि मग मशीन चालू करून समोर स्टूल टाकून बसतो. छंद म्हणावा तर कंबर मोडेल इतकं काम, आणि धंदा म्हणावा तर आजवर एकही मशीन विकलेलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या कुमुदिनीबाई, नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून साताऱ्याहून इकडे आलेल्या, त्याला तोंडावर म्हणायच्या, "काका, तुमच्याकडे एवढी मशीन्स, आणि अक्का मात्र हाताने पिळतात!"

खरंच होतं ते. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, त्रिपुरसुंदरी. तिची साडी मडीची. पुण्यासाताऱ्याकडे ज्याला सोवळं म्हणतात त्याला या तंजावरच्या मराठी घरांत मडी म्हणतात. अंघोळ करून आपली साडी आपणच धुवायची, आपणच पिळायची, उंच दांडीवर काठीने वाळत टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच नेसून देवाचा स्वयंपाक करायचा. मधे कुणाचा हात लागला की सगळं मुसळ केरात.

गुरुमूर्तीला कळायच्या आत त्यांची आई गेली. तंजावरच्या त्या घरातला स्वयंपाक आणि देव दोन्ही अक्काच्या गळ्यात पडले, आणि त्यांच्याबरोबर मडीही. लहानगा मूर्ती सकाळी उठून डोळे चोळत तिच्याकडे धावायचा. ती पळी उगारून म्हणायची, "लांब रहा, मूर्ती! मडी आहे." मग तो उंबऱ्याशी बसून राहायचा. नैवेद्य, पूजा, वडिलांचं कचेरीला जायच्या आधीचं जेवण उरकेपर्यंत शाळेची वेळ व्हायची. संध्याकाळी ती दमलेली असायची आणि तो खेळात असायचा. बघता बघता पोरगा मोठा झाला आणि मोठ्या पोरांना कोण जवळ घेतं? अक्काचं लग्न राहिलं, मग त्याचंही राहून गेलं. दोघं मद्रासला आली, मद्रासचं चेन्नई झालं, पण सकाळी उंबऱ्याशी बसणाऱ्या त्या मुलाची भूक काही भागली नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. साठी उलटलेल्या माणसाने असलं काही सांगायचं नसतं.

आडी महिना, म्हणजे इकडचा आषाढ, सरता सरता अक्का गच्चीवर पडली. ओली नऊवारी काठीने दांडीवर चढवताना पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी मनगटात जोर काही आला नाही. साडी पिळेना, आणि न पिळलेली साडी काठीने उचलेना. मडी सुटली.

आणि गुरुमूर्तीच्या आयुष्यात पहिल्यांदा सकाळ उजाडली म्हणा ना! डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी कोमट तेल लावून मनगट चोळायचं, बोटं एकेक करून वाकवायची. तो कॉफी करायचा, दोघं खिडकीशी शेजारी शेजारी बसायची, आणि तिचा हात तो मांडीवर घ्यायचा. तळव्यावर पळीचा घट्टा होता. तो तेल लावता लावता कारखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगायचा, ती हसायची, कधी दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "केस किती पांढरे झाले रे तुझे." मग तो बोटं पुन्हा पहिल्यापासून वाकवायला लागायचा.

पण अक्का वाळत चालली होती. देवापुढे दूध-साखर ठेवायची आणि चोरासारखी बाहेर यायची. पहाटेची स्तोत्रं मोठ्याने म्हणायची तिची सवय, ती आता ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागली. मूर्तीच्या हातचं सांबार निमूट खायची. नावं ठेवायची नाही, हे तर फारच वाईट लक्षण. एकदा देवघराच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "जन्मभर एवढें एकच काम चोखट केलें. आतां तेंही नाहीं. मग मी कशाला आहें?"

त्याच दिवशी त्याने ताडपत्रीखालचं दोन टबांचं मशीन बाहेर काढलं. एका टबात धुवायचं, दुसऱ्यात, ज्याला सगळे ड्रायर म्हणतात, त्यात गरगर फिरवून पाणी काढायचं. ड्रायरमधून निघालेली साडी इतकी हलकी होते की अक्काच्या हाताने सहज काठीवर चढेल. पिळायला दुसरा माणूस नको. मडी शाबूत.

अक्काने मात्र आधी फिर्याद मांडली. "त्यांत कोणाकोणाचे कपडे धुतले असतील, तुला काय ठाऊक?"

बाहेरून मशीन आरशासारखं चमकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. शेवटी तिनेच तोड काढली. आतले दोन्ही टब चिंचेने घासायचे, मग आधी नुसतं तुळशीचं पाणी फिरवायचं, मग तिची साडी. "सरी," म्हणजे बरं, असं म्हणून तो कामाला लागला.

दिवाळीच्या आधीच मशीन तयार झालं. पण तिने विचारलं, "झालें कां रे यंत्र?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नाहीं अक्का. ड्रायरच्या तळाचें रबर मिळत नाहीं. रिची स्ट्रीटच्या दुकानांत बघतों." ती हो म्हणाली आणि तेलासाठी हात पुढे केला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रबर कधीच बसवून झालं होतं. खोटं बोलतोय हे त्याला कळत होतं, आणि तिचा हात सोडवतही नव्हता.

इकडे कार्तिकात पाऊस लागतो, त्या पावसाचे दिवस होते. सकाळी कुमुदिनीबाई अक्काची विचारपूस करायला आल्या. गुरुमूर्ती नेहमीप्रमाणे मनगट चोळत होता.

"काका, काल दुपारी खाली तुमचं ते दोन टबांचं मशीन काय झकास चाललं होतं हो! मी जिन्यात उभी राहून बघतच बसले," त्या म्हणाल्या. मग दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, दूध उतू जाईल म्हणून लगबगीने निघून गेल्या.

अक्काने हात काढून घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"झालें तर?" तिने विचारलं.

"झालें."

"केव्हां?"

"दिवाळीच्या आधीं."

"मग बोलला कां नाहींस? मी रोज देवापुढें तोंड लपवून उभी राहतें, तुला दिसत नाहीं?"

"दिसतें," तो म्हणाला. तिच्या बोटांवरचं तेल पुसत राहिला. मग ज्याला आयुष्यभर शब्द सापडले नव्हते ते सरळ बोलून गेला. "यंत्र वर आणलें कीं उद्यांपासून तूं परत म्हणशील, लांब रहा."

अक्काने मोकळ्या हाताने तेलाची वाटी बाजूला सारली.

"मला वाटायचें, पोरगा शहाणा आहे, लांब बसतो, रडत नाहीं," ती म्हणाली. "तुला जवळ घेतलें असतें तर परत अंघोळ, परत चूल, आणि आप्पा उपाशी कचेरींत गेले असते. मी पंधरा वर्षांची होतें रे, मूर्ती. मला भय वाटायचें." तिने पदराने डोळे टिपले आणि हात सोडवून घेतला. "जा. यंत्र वर आण."

मशीन वर आलं. न्हाणीघराबाहेरच्या मोरीपाशी बसवलं, चिंचेने घासलं, तुळशीचं पाणी फिरवून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का अंघोळ करून ओलेत्यानेच मशीनपुढे उभी राहिली. तिने स्वतः पाणी भरलं, स्वतः साडी टाकली, स्वतः बटण फिरवलं. स्तोत्र खणखणीत चाललं होतं. गुरुमूर्ती दिवाणखान्याच्या दारात उभा होता. तिने मान वळवून म्हटलं, "लांब रहा, मूर्ती," आणि म्हणताना तिचा चेहरा उजळला. तो उंबऱ्याच्या अलीकडे सरकला.

साडी धुऊन झाली. तिने ती उचलून ड्रायरमध्ये टाकली, झाकण लावलं, कळ फिरवली. साडी एका बाजूला गोळा झाली असणार. मशीन धडधडायला लागलं, मग थरथरत मोरीच्या कडेकडे सरकू लागलं. अक्काने दोन्ही हातांनी ते दाबून धरलं, पण मनगटात जोर कुठला?

"मूर्ती! धर, धर!"

त्याने झेप घेऊन दुसऱ्या बाजूने पत्रा धरला. मग एकदम भानावर आला आणि तिच्याकडे पाहिलं. हात सोडू की नको?

"यंत्राला धरलास," अक्का धापा टाकत म्हणाली, "मला नव्हे. सोडूं नकोस."

दोघं समोरासमोर, मधे मशीन. तिच्या तळव्यांतली थरथर पत्र्यातून त्याच्या तळव्यांत येत होती, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. झाकण उघडलं की ड्रायर आपोआप थांबतो, साडी सारखी पसरून पुन्हा लावली की हूं की चूं न करता फिरतो. हे त्याला पाठ होतं. तरी तो कळ उलटी फिरून थांबेपर्यंत धरून उभा राहिला.

संध्याकाळी मात्र त्याला राहवलं नाही. साडी ड्रायरमध्ये कशी सारखी पसरायची, वरून ओला पंचा कसा दाबून ठेवायचा, ते त्याने अक्काला दोनदा करून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, एकदा स्वतः करूनही दाखवलं. अगदी बिनचूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा असताना तिने धुतलेली साडी उचलली, त्याच्याकडे न बघता तिचा एक गच्च गोळा केला, ड्रायरच्या एका कडेला टाकला आणि झाकण लावलं.

"मूर्ती," मशीन हलायच्या आधीच तिने हाक मारली, "धर."