मुळा कच्चा राहिला तो रविवार

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा हंडा. दक्षिण कोरियातल्या मोक्पो गावातल्या एका छोट्या चर्चच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी मी पालथा पडलो आहे. बुडाला गंज चढलाय. दुपारी एक मांजर माझ्यावर बसून ऊन खातं आणि जाताना साधं वळूनही बघत नाही. तक्रार करू नये म्हणतात, पण मी करणार. आनंदी राहण्याचा उपदेश माणसांसाठी असतो, हंड्यांसाठी नाही.

ओतशाळेतून आलो तेव्हा मी करडा आणि खरखरीत होतो. चर्च नवं होतं, मंडळी मूठभर होती, आणि मला हात लावायला कोणी धजत नव्हतं. तेव्हा नुकतंच लग्न झालेली एक मुलगी बाह्या सरसावून पुढे आली. प्यो ओक-बुन तिचं नाव. तिने मला तापवलं, डुकराच्या चरबीचा गोळा आतून फिरवला, पुसलं, पुन्हा तापवलं. संध्याकाळपर्यंत मी काळाभोर आणि चकचकीत झालो होतो. आमच्याकडे याला हंड्याला वळण लावणं म्हणतात. वळण मला लागलं खरं, पण जुंपली गेली ती.

त्याचं असं की उपासना वरच्या मजल्यावर आणि स्वयंपाकघर तळघरात. उपासना संपली की सगळी मंडळी जेवायला खाली येणार. म्हणजे वर गीतं चालू असताना खाली कोणीतरी सूप ढवळायला हवं. ते कोणीतरी म्हणजे ओक-बुनबाई. एवढ्या वर्षांत तिने एकही उपासना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकली नाही. भिंतीवर एक कर्णा होता, त्यातून खरखरत जे येईल ते तिचं. सिलिंडरही नेमका संदेश चालू असताना संपायचा. वर्षातून एकदा पाळकसाहेब बायबलातल्या त्या दोन बहिणींची गोष्ट सांगायचे. एक येशूच्या पायाशी बसून ऐकते, दुसरी चुलीपाशी राबते आणि कुरकुरते. बसणारीने चांगला वाटा निवडला, असं वर ठासून सांगायचे आणि खाली येऊन सूपची दुसरी वाटी मागायचे. हे मी दरवर्षी बघितलं आहे आणि दरवर्षी माझं डोकं फिरलं आहे.

तुम्ही विचाराल, तिला राग येत नव्हता का? आमच्या चर्चमध्ये माणसाला राग येत नाही, मित्रांनो. तो 'परीक्षेत पडतो'. कोणी कोणाला टाकून बोललं, तो दुखावला आणि यायचा बंद झाला, की लोक आवाज खाली आणून म्हणतात, "परीक्षेत पडले बिचारे, प्रार्थना करा." झालं. ज्याने दुखावलं त्याला माफी मागायला नको, सगळा दोष सैतानाचा. या शब्दाला ओक-बुनबाई फार भ्यायची. म्हणून गरम वाफेने हात भाजला तरी हसायची.

मग तिच्या नातीचा बाप्तिस्मा ठरला. कापणीनंतरच्या आभाराच्या रविवारी. मुलगा सोलमध्ये राहतो, आणि त्याची बायको चर्चची पायरी चढणारी नव्हे. कशीबशी एकदाच कबूल झाली होती. ओक-बुनबाईला पुढे उभं राहून ते बघायचं होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं तिने.

आधीच्या रविवारी तिने ताक म्योंग-सूनबाईंना गाठलं. बायकांच्या मंडळाच्या त्या प्रमुख.

"बाई, येत्या रविवारी तेवढं सूप बघाल का? ये-दामचा बाप्तिस्मा आहे."

"अगं, हे काय विचारणं झालं? मी आहे ना. तू खुशाल वर बस."

त्या रविवारी ओक-बुनबाई सणाचा निळा हानबोक, आमचा पारंपरिक पेहराव, घालून आली. वरून मेणकापडाचा एप्रन बांधला, गोमांस चढवलं, मुळा कापून टाकला आणि दाराकडे बघत राहिली. म्योंग-सूनबाई आल्या, पण उंबऱ्याच्या आत काही आल्या नाहीत.

"ओक-बुन, गायनात एक बाई कमी पडतेय गं, मला उभं राहावंच लागेल. तुला कर्ण्यावर सगळं ऐकू येतंच की. आणि कपाळावर आठ्या नकोत हं. आनंदाने केलेली सेवाच देवाला पोचते."

"बरं," ओक-बुनबाई म्हणाली.

मला उकळी फुटली होती ती काही नुसत्या गॅसमुळे नाही. वर संदेश सुरू झाला. विषय काय, तर आनंद. पाळकसाहेब कर्ण्यातून सांगत होते, की आनंद काही आपोआप येत नाही, तो रोज निवडावा लागतो.

"मी काय निवडत आलेय तुम्हाला ठाऊक आहे का?" ती कर्ण्याला म्हणाली. "मुळ्याचा पाला."

मग कर्णा पुन्हा खरखरला. ये-दामला घेऊन घरच्यांनी पुढे यावं, असं आलं. ओक-बुनबाईच्या हातातला डाव जागीच थांबला. मुळा अजून टणक होता, वर फेस तरंगत होता. आता गॅस बंद केला तर अख्ख्या मंडळीचं जेवण बिघडणार, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. तिने डोळे मिटले.

"प्रभू, आज मी हे निवडते. मग काय बोलायचं ते बोल मला."

तिने गॅस बंद केला, फाटके हातमोजे काढून माझ्या झाकणावर ठेवले आणि जिना चढून गेली. थोड्या वेळाने कर्ण्यातून नातीचं नाव आलं, रडणं आलं, आणि मग गीतात एक राठ, बेसूर आवाज सगळ्यांच्या वर चढला. तिचा. वरून खाली तो पहिल्यांदाच येत होता.

मंडळी जेवायला उतरली. मुळा दाताखाली कुरकुर वाजला. मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी वाटी बाजूला सरकवली. म्योंग-सूनबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, "ओक-बुन परीक्षेत पडली गं."

ओक-बुनबाई मागेच उभी होती, खांद्यावर बाळ. "पडले नाही, बाई. पास झाले."

हसली फक्त तिची सून, बाळाची आई. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली, आणि ती बराच काळ वाकडीच राहिली. माफी कोणी मागितली नाही. पुढे डबे मागवले जाऊ लागले, मग स्टीलचं पातेलं आलं आणि मला इथे आणून टाकलं. ओक-बुनबाई मात्र यायची थांबली नाही. दर रविवारी वर बसते. तिच्या शेजारची जागा अनेकदा रिकामी असते आणि ती तरीही गाते, बेसूरच.

एकदा ती माझ्यापाशी आली होती. नखाने गंज खरवडला. मला वाटलं, आता चरबी आणेल, पुन्हा वळण लावेल.

"तुला बघितलं की हात शिवशिवतात," ती म्हणाली. "म्हणून इकडे येत नाही मी." आणि वर निघून गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिला परत बोलवावं असंही वाटलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात जी रोज गरम वाढते, तिला एकदा विचारा, तुला आज कुठे जायचं होतं का. ती हो म्हणाली, तर चूल तुम्ही सांभाळा. आणि मुळा कच्चा राहिला, तर मुकाट्याने चावा.