भाताचा शेंडा

बू, म्हणजे बाई, वार्सिनींनी बावन्न वर्षांत मुलांसाठी त्रेचाळीस पुस्तकं लिहिली. मगरीची साहसं लिहिली, विहिरीतली भुतं लिहिली, पाढ्यांची गाणी लिहिली, आरोग्य खात्याच्या आग्रहावरून दातांवरही एक लिहिलं. पण त्यांचा जीव होता 'एकटी जळू'वर. ते कोणी वाचलंच नाही. म्हणजे एकीनं वाचलं होतं.

जावातल्या क्लातेन गावच्या सभागृहात त्यांच्या सत्काराला प्रकाशक हांदोको उठले. "बू, कागद मिळत नाही. यापुढं तुमचं एकच पुस्तक छापणार, बाकीच्यांचा लगदा. तुम्ही ज्या वाचकाला तुम्पेंगचा शेंडा द्याल, त्याच्या आवडीचं छापू."

टेबलावर पिवळ्या भाताचा तुम्पेंग डोंगरासारखा उभा होता. त्याचा शेंडा सर्वांत मानाच्या माणसाला द्यायची रीत.

दातांच्या पुस्तकाच्या कैवारी, दंतवैद्य एंदांगबाई उठल्या. "माफ करा हं, पाक," असं अदबीनं संबोधून त्यांनी निवृत्त फौजदार तुगिमान यांच्या नाकावर पितळी डाव हाणला. नाक डाव्या गालावर गेलं. तुगिमान मगरपंथी. "त्यात काय एवढं, बाई," म्हणत त्यांनी एंदांगबाईंना उचलून पापडांच्या डब्यांवर आपटलं. मग भूतवाल्यांनी सजावटीचे बांबू उपसले. पाढेवाले मोजून मारत होते. सात त्रिक एकवीसला एकाची बरगडी मोडली. पडलेला एक दात एंदांगबाईंनी उजेडात धरला. "हा किडलेलाच होता," म्हणाल्या आणि पुढच्याकडं वळल्या.

बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून ताठ जायचं नाही, कमरेत वाकून, उजवा हात पुढं करून, "येऊ का?" म्हणत जायचं. रक्तबंबाळ झाले तरी क्लातेनकर हे विसरले नाहीत. एक भूतवाला पळता पळता बू वार्सिनींच्या खुर्चीपुढं वाकला, "येऊ का, बू?" म्हणाला, आणि मागून मानेवर घंगाळ बसून तिथंच आडवा झाला.

"या," वार्सिनी म्हणाल्या, आणि विचारात पडल्या.

तेवढ्यात त्यांना लस्मी दिसली. 'एकटी जळू'ची एकुलती एक वाचक, प्राथमिक शाळेतली बाई. दोन पाढेवाले तिला वेणीला धरून फरफटत नेत होते. वार्सिनींनी बसल्या बसल्या खुर्ची दोन हात पुढं सरकवली. पाढेवाले वाकले. तुगिमाननी दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

मग त्या खुर्ची सरकवतच राहिल्या. जिकडं खुर्ची, तिकडं माणसं वाकत, आणि वाकली की पडत. शेवटी तुगिमान शेंड्याकडं झेपावले, वाटेत वाकले, आणि बांबूच्या एका फटक्यात झोपले.

वार्सिनींनी शेंडा कापून लस्मीपुढं धरला.

"छे छे, बू! माझी काय पात्रता? आधी मोठ्यांना."

"घे."

"नको हो. त्या एंदांगबाई..."

मानाची वस्तू तीनदा नाकारायची, हीही रीतच. एंदांगबाई हातात दात काढायचा चिमटा घेऊन कोपरांवर सरपटत येत होत्या. लस्मीचे दोनच नकार झाले होते.

वार्सिनी उठल्या. डाव्या हातानं लस्मीचा जबडा उघडला आणि उजव्या हातानं अख्खा शेंडा आत कोंबला.

"गिळ."

लस्मीनं डोळ्यांतून पाणी काढत गिळला.

हांदोकोंचा आवाज टेबलाखालून आला. "ठरलं, बू, जळू! आतली चित्रं रंगीत हवीत का?"

वार्सिनींनी सभागृहाकडं एकवार पाहिलं.

"फक्त लाल," त्या म्हणाल्या.