कुंकवाखाली गेलेला नंबर

मित्रांनो, कधी बुरोंडीला धाकूतात्यांच्या घरी आलात तर पडवीतल्या कोनाड्यात मी तुम्हाला दिसेन. खांद्यावर घ्यायचा भलामोठा व्हिडिओ कॅमेरा. खिशातल्या फोनने माझी सद्दी कधीच संपवली, आता माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. माझ्या पोटात एक आवाज आहे, तो जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो कायमचा जाता जाता कसा वाचला, एवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या दूरच्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते रत्नागिरीच्या बाजारातलं दुकान. तिथून अनिलने मला उचललं. अनिल हा धाकूतात्यांचा मुलगा, मालवाहू बोटीवर कामाला. तात्या स्वतः जन्मभर मच्छीमारी होडीचे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे म्होरके. घरात नवी वस्तू आली की पूजा झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्यांनी मला पाटावर ठेवलं आणि अंगठा कुंकवात बुडवला.

"तात्या, भिंगाला कुंकू नको हां! बिघडंल तो," अनिलची बायको मथुरा ओरडली.

"मग पोटाला लावतंय," तात्या म्हणाले. "होडीला तरी तेल कुठं देताव? बुडालाच ना?"

मला उताणं करून त्यांनी पोटाला खोबरेल तेल चोळलं आणि वर कुंकवाचा अंगठा दाबला. पुढे अनिल बोटीवर निघाला की दर वेळी हेच. मला गुदगुल्या व्हायच्या आणि खरं सांगतो, मी सुखावायचो. माझा नंबर छापलेली चिकटपट्टी नेमकी तिथेच होती, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

तात्यांचं फोनशी कधी जमलं नाही. "बरा हाय. जेवलास ना? ठेवतंय," एवढ्यात त्यांचं बोलणं संपे. माझ्यासमोर मात्र ते मोकळे होत. "ह्याला डोळा हाय," ते म्हणत. अनिल नऊ महिन्यांसाठी निघायचा, त्याच्या आधी दोन दिवस मथुरा मला धरून उभी राही आणि तात्या त्याच्यासाठी रविवार बोलून ठेवत. नऊ महिन्यांचे चाळीस रविवार, चाळीस तुकडे. कुठल्या रविवारी गावात काय चाललेलं असेल, ते तात्यांना आधीच ठाऊक असे.

"आज सोळावा रविवार, अन्या. म्हंजे आता कलमं मोहरली असतील."

"आज सव्विसावा. शिमग्याची पालखी आपल्या दारात हाय. तुज्या वाटणीचा मीच नाचून घेतंय."

हे सगळं ते भर भाद्रपदात बोलत. मथुरा हसून हसून दमायची आणि माझं चित्र हलायचं.

आता थोडं सरहद्दीबद्दल. आपली वस्तू थोड्या दिवसांसाठी देशाबाहेर न्यायची असेल तर निघतानाच विमानतळावर कस्टमकडून दाखला करून घ्यावा लागतो. ही वस्तू इथलीच आहे आणि परत येणार आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं आणि वस्तूचा नंबर घातलेला असतो. म्हणजे परतताना कुणी तिला परदेशातून आणलेली नवी वस्तू समजत नाही. अनिल तो दाखला न चुकता करी. शेवटच्या खेपेला तिथल्या अधिकाऱ्याने विजेरी मारून माझे आकडे कसेबसे वाचले होते.

बोटीवर वीसबावीस माणसं होती, पण मराठी कळणारं एकही नाही. आठवडाभर अनिल कामापुरतं बोले. रविवारी दुपारी केबिनचं दार लावून तो मला उघडी. तात्या विचारत, "जेवलास काय रे?" आणि तो पडद्याला सांगे, "जेवलो तात्या." दसऱ्याला त्याने एकट्याने माझी पूजा केली. तात्यांनी बजावल्याप्रमाणे तेल चोळलं, कुंकू लावलं, फडक्याने खसाखसा पुसलं. उरलेसुरले आकडे त्या फडक्याबरोबर गेले.

शेवटचे दोन महिने मात्र फोनवर तात्या भेटेनात. "बंदरावर गेलेत," मथुरा म्हणे. "आत्ताच झोपले." बोटीवरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, अशी आमच्या गावची रीत. समुद्रात तो करणार काय? चाळिसावा तुकडा अनिल नेहमी घरी पोचल्यावर सगळ्यांबरोबर बघायचा. त्या वेळीही त्याने तो राखून ठेवला होता.

परतीचं विमान उतरलं आणि मथुराचा फोन आला.

"अहो, आता सांगते. तात्यांच्या घशात गाठ आहे. उद्या सकाळी रत्नागिरीत ऑपरेशन. आवाज राहायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलान. तुमच्याशी एकदा समोरासमोर बोलायचं, फोनवर नको, म्हणून ते वाट बघतायत. लवकर या."

तो धावत सुटला आणि कस्टमच्या टेबलाशी अडला. तिथल्या बाईंनी दाखला वाचला, मला उलटं केलं.

"दाखला बरोबर आहे. पण ह्याच्यावर नंबर कुठे आहे?"

"होता मॅडम. पूजेत गेला."

"मग हा तोच कॅमेरा कशावरून? चालू करून दाखवा."

माझी बॅटरी संपलेली आणि चार्जर आठवड्यापूर्वीच जळालेला. बाईंचं काही चुकलं नाही. पुरावा आणा आणि घेऊन जा, तोवर पावतीवर ठेवते, असं त्या म्हणाल्या. अनिलने एकदा घड्याळाकडे बघितलं. मग पावती खिशात कोंबून तो पळाला. वडिलांचा आवाज ऐकायला निघालेला पोरगा त्यांचा आवाज टेबलावर सोडून गेला. मला हाक मारता येत असती तर मी जीव तोडून मारली असती.

तो पोचला तेव्हा तात्यांना आत नेऊन तास झाला होता.

मला सुतळीने चिठ्ठी बांधून लोखंडी मांडणीवर ठेवलं. शेजारी एक प्रोजेक्टर, पलीकडे कुणाचातरी ड्रोन. बंद यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत. मला फार एकटं वाटलं, मित्रांनो. कुलूपबंद खोलीत कोण रविवार मोजणार? पूर्वीही मी कपाटात महिनोन्महिने पडून राहिलो होतो, पण तेव्हा दाराबाहेर घरातली माणसं बोलत असत. इथे मी कुणाचा, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

घरी काय घडलं ते मला नंतर मथुराच्या बोलण्यातून कळलं. तात्या घरी आले. त्यांना काही हवं असलं की ते वाटीवर चमचा वाजवत. अनिलने सगळ्यांचे फोन धुंडाळले. लग्नातल्या गर्दीत तात्या होते, फोटोंत होते, बोलताना कुठेच नव्हते. त्यांचं बोलणं होतं ते माझ्या पोटात. अशात कस्टमचं पत्र आलं. ठरल्या तारखेपर्यंत पुरावा दिला नाही तर वस्तूची विल्हेवाट लावली जाईल.

"खरेदीची पावती तर कधीच गेली," अनिल स्वयंपाकघरात हळूच मथुराला म्हणाला. "आणि नंबर कुंकवाने खाल्लान."

तात्या दाराशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं. किती तरी वेळ ते आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग शिडी लावून, मथुरा नको नको म्हणत असताना, माळ्यावर चढले आणि एक मळकं खोकं घेऊन उतरले. जाळं शिवायच्या सुया आणि दोऱ्याची रिळं त्यांनी जमिनीवर ओतली. ते माझं खोकं होतं! बाजूला माझा नंबर, कालच छापल्यासारखा. आणि तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला जादा चार्जर.

त्या आठवड्यातच अनिल कस्टमच्या कचेरीत आला. तात्याही हट्टाने बरोबर आले, गळ्याला पांढरा रुमाल बांधून. त्याच बाई होत्या. खोक्यावरचा नंबर दाखल्याशी जुळला. "पण खोकं ह्याचंच कशावरून?" त्यांनी विचारलं. अनिलने चार्जर लावला. दीड महिन्यानंतर मी डोळा उघडला. पडद्यावर तात्या आले, कोपऱ्यात तारीख आली. दाखल्याच्या दोन दिवस आधीची.

"आज पयला रविवार. अन्या, आयकतोस ना?"

बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग समोर उभ्या म्हाताऱ्याकडे.

"आजोबा, हे तुम्हीच ना?"

तात्यांनी सवयीने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मग त्यांनी मान हलवली. बाईंनी पेन उचललं. सही केली आणि सुतळी स्वतः सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत सगळे बसले. तात्यांनी मला मांडीवर घेतलं. माझ्या पोटावर नंबराची नवी पट्टी आहे, तिला बोटही लागणार नाही इतक्या जपून त्यांनी मला धरलं. अनिलने चाळिसावा रविवार लावला.

"आज शेवटचा रविवार," पडद्यातले तात्या म्हणाले. "होडी वर वढलेली हाय, म्हंजे मी घरातच. आन् तू पण आलायस. मग आता ह्या डब्यात काय बगत बसलायस रे? मी तुज्या बाजूलाच हाय. बंद कर तो आन् माज्याकडं बग."

अनिलने मला बंद केलं. तो तात्यांकडे बघत राहिला आणि लहान पोरासारखा रडला. तात्यांनी तोच अंगठा त्याच्या कपाळावर दाबला.

मित्रांनो, मला सरहद्दीपार न्याल तेव्हा माझा नंबर दोन ठिकाणी लिहून ठेवा आणि दाखला जपा. माझ्या पोटात माणसाचा आवाज असेल तर त्याची आणखी एक प्रत करा, मी काही अमर नाही. आणि त्या आवाजाचं माणूस तुमच्या शेजारीच बसलेलं असेल, तर मला खुशाल बंद करा. मी कोनाड्यात थांबेन.